वसुलीवाल्याला माझा सिबिल रिपोर्ट बघायची परवानगी कुणी दिली?

लेथवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय.

माझं उद्यमनगरात जॉबवर्कचं छोटं दुकान आहे, एक लेथ आणि एक ड्रिल मशीन. २०१८ ला एका फायनान्स कंपनीकडून १ लाख ८० हजारांचं पर्सनल लोन घेतलेलं, तेव्हा आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीत भाड्यानं राहायचो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, घरात कमरेएवढं पाणी, फ्रीज, गाद्या, पोरीची पुस्तकं सगळं गेलं. त्यातनं सावरतोय तोवर लॉकडाऊन. फेब्रुवारी २०२० चा हप्ता शेवटचा गेला आणि त्यानंतर एक रुपया भरलेला नाही, हे मी लपवत नाही. पुढं पाचगावला राहायला गेलो, दुकान परत उभं केलं, २०२३ ला दुसऱ्या एका बँकेनं जादा व्याजानं का होईना पण गाडीसाठी लोन दिलं आणि त्याचा एकही हप्ता मी चुकवलेला नाही.

आता झालं काय, गेल्या आठवड्यात मोबाईलवर मेसेज आला की तुमचा क्रेडिट रिपोर्ट अमक्या कंपनीनं बघितला. मी कुठंच अर्ज केलेला नाही, त्या कंपनीचं नाव पण जन्मात ऐकलेलं नाही. आणि दोन दिवसांनी संध्याकाळी एक जण पाचगावच्या दारात. आई एकटीच घरात होती, ती घाबरून गेली. हा पत्ता मी जुन्या कंपनीला कधीच दिला नव्हता, त्यांच्या फाईलला कुंभार गल्लीच आहे. मी त्याला फोन लावला तर म्हणतो, "गाडीचे हप्ते एक दिवस मागं नाहीत तुमचे, मग आमचेच पैसे कसे काय राहिले ओ?" बँकेचं नाव त्यानं घेतलं नाही पण गाडीचं लोन आहे, किती आहे, वेळेत जातंय, सगळं माहीत.

पैसे देणं लागतो हे मला मान्य आहे. पण माझ्या बाकीच्या व्यवहारात डोकवायची परवानगी याला कुणी दिली? मी कुठं सही केली? आणि हे असं कुणी कुणी बघत गेलं तर माझा स्कोअर अजून खाली जाणार का? रात्री झोप लागंना झालीय.

बिंदूचौक_कट्टा

दादा फोन उचलूच नका, नंबर ब्लॉक करून टाका. माझ्या चुलत भावानं तसंच केलं, सहा महिने त्रास झाला मग बंद झाले फोन.

लेथवाला_उद्यमनगर

भावा, फोन बंद होतील पण घरी येतोय त्याचं काय करू, आणि रिपोर्टवरचं कसं निघणार. मला आधी हे कायद्यात बसतंय का तेवढं कळू दे.

निवृत्त_कर्जविभाग

लेथवाले दादा, मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वसुलीला. तुमच्या जागी मी असतो तर मलाही हाच प्रश्न पडला असता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, जो दारात आला त्याला स्वतःला तुमचा रिपोर्ट काढायचा हक्क नाही. वसुली एजन्सी म्हणजे कर्ज देणारी संस्था नव्हे. हक्क आहे तो ज्याचे पैसे अडकलेत त्याला. आपल्याकडं २००५ चा क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा कायदा आहे, डिसेंबर २००६ पासून लागू झाला, त्याखाली चार कंपन्या चालतात: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांनाच क्रेडिट ब्युरो म्हणतात. लोक चारींच्या रिपोर्टला सिबिलच म्हणतात ते सोडा. बँका आणि फायनान्स कंपन्या या चौघींच्या सभासद असतात, त्यांनी आपल्या कर्जदारांची माहिती पाठवायची आणि बदल्यात इतरांनी पाठवलेली बघायची. तुम्ही २०१८ ला लोनच्या कागदांवर ज्या वीस-पंचवीस सह्या केल्या त्यात एक कलम असं असतंच की माझी माहिती क्रेडिट ब्युरोला द्यायला आणि तिथनं घ्यायला माझी हरकत नाही. वाचत कुणीच नाही, मी स्वतः गिऱ्हाइकाला कधी वाचून दाखवलं नाही, ते चुकलंच माझं.

आता लोकांना वाटतं ही परवानगी फक्त कर्ज मंजूर होईपर्यंत असते. तसं नाही. खातं उघडं आहे, बाकी येणं आहे, तोपर्यंत धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा, आणि तुमचा व्यवहार चालू आहे, आणि त्या खात्याची वसुली हा त्याच व्यवहाराचा भाग धरतात. नवीन कुणी परका माणूस येऊन डोकावत नाही, जुनं खातंच पुढं सरकतंय.

ती अनोळखी कंपनी बहुतेक एआरसी असणार, म्हणजे बुडीत कर्जं विकत घेणारी कंपनी. तुमच्या फायनान्स कंपनीनं थकलेल्या लोनांचा गठ्ठा करून तिला विकला असेल, २००२ च्या सरफेसी कायद्यात ते बसतं, आणि विनातारण पर्सनल लोनसुद्धा असं विकता येतं. विकलं की जुन्या कंपनीचे हक्क नव्या कंपनीकडं जातात. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२४ ला तर सांगितलंच की एआरसींनी चारही ब्युरोंचं सभासद व्हायचं. तुम्हाला मेसेज आला तो पण रिझर्व्ह बँकेमुळंच, कुणी रिपोर्ट बघितला की ज्याचा आहे त्याला एसएमएस किंवा ईमेल गेला पाहिजे हा नियम २०२३ च्या ऑक्टोबरमधला आहे. आधी हे कळायचंच नाही.

पाचगावचा पत्ता गाडीच्या लोनवरनं गेला. प्रत्येक बँक पत्ता आणि मोबाईल नंबर पाठवते, रिपोर्टवर सगळे पत्ते एकाखाली एक येतात. आणि त्यानं बँकेचं नाव का घेतलं नाही सांगतो, कारण त्याला ते दिसलंच नसणार. सभासदाला रिपोर्ट मिळतो त्यात दुसऱ्या बँकांची नावं झाकलेली असतात, फक्त कर्जाचा प्रकार, रक्कम, बाकी आणि महिन्यामहिन्याचा डीपीडी म्हणजे हप्ता किती दिवस मागं आहे तो आकडा दिसतो. तुमच्या गाडीच्या लोनला सगळीकडं ०००, ०००, ००० असणार. तेच बघून बोलला तो.

हे सगळं कशाला बघतात? मी स्वतः बघायचो म्हणून सांगतो. माझ्यासमोर दोन फायली असायच्या, दोघांचे दोन-दोन लाख थकलेले. एकाच्या रिपोर्टवर आमचं एकच खातं थकलेलं, बाकी चार खाती चोख. दुसऱ्याची पाचही खाती एकाच महिन्यात थांबलेली. दुसऱ्याचं बघितल्या बघितल्या कळायचं की माणूस आजारी पडला, धंदा बसला, नाहीतर घरातलं कोण तरी गेलं. अशा माणसाच्या दारात पोरं पाठवून काय मिळणार? त्याला मी बोलावून घ्यायचो, चहा पाजायचो आणि व्याज सोडून मुद्दलाचे हप्ते पाडून द्यायचो. पुरानंतर तर तसल्या कितीतरी फायली आल्या, सगळीकडं ऑगस्ट २०१९ पासनंच रांग मोडलेली. रिपोर्ट नसता तर दोघांनाही एकाच मापानं मोजलं असतं. म्हणून मला बघायला देणं गैर वाटत नाही, बघून पुढं काय करतात तिथं खरी गडबड आहे.

स्कोअरचं: नवीन कर्जासाठी चौकशी झाली तर स्कोअरला थोडा धक्का बसतो, जुन्या खात्याचा आढावा म्हणून बघितलं तर तसा बसत नाही. तुम्ही रिपोर्ट काढा, शेवटी चौकश्यांचा भाग असतो, त्यात त्या कंपनीच्या नावापुढं कारण काय लिहिलंय ते वाचा. नवीन कर्ज असं लिहिलं असलं तर लगेच तक्रार करा. चारही ब्युरोंकडनं वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून.

तिकटीवरचा

काका तुमचा अनुभव मोठा आहे, मान देऊन बोलतो, पण परवानगी आहे म्हणून बरोबर आहे असं होत नाही. सही घेतली म्हणता, पण ती सही न करता लोन मिळतं का कुठं? गरज असलेल्या माणसानं केलेली सही ती. आणि तुम्ही चहा पाजणारे साहेब होता, आता रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर वसुलीच्या पोरांना जातात. आमच्या गल्लीत एकाला तर त्याच्या बायकोच्या बचत गटाचं कर्ज किती राहिलंय ते चारचौघांत ऐकवलं. त्या बाईनं काय गुन्हा केला होता? चार दिवस नळावर गेली नाही ती.

निवृत्त_कर्जविभाग

तुमचं बरोबर आहे, आणि त्या बाईंचं झालं ते सरळ बेकायदा आहे. धनकोनं एजंटला फक्त कामापुरतं द्यायचं, नाव, पत्ता, थकीत रक्कम. अख्खा रिपोर्ट नाही. बायकोचा तर प्रश्नच येत नाही, ती सहकर्जदार किंवा जामीन नसेल तर तिचा रिपोर्ट उघडायलाच कारण नाही.

राजारामपुरी_ताई

जामीन म्हणालात म्हणून लिहिते. माझ्या नणंदेच्या लोनला मी जामीन राहिले, मला वाटलं नुसती सही आहे. तिचे हप्ते थकले आणि माझ्या रिपोर्टवर ते खातं जामीनदार म्हणून दिसतंय, लाल अक्षरात. मला पण असाच मेसेज आला, मी पण घाबरले, बँकेत गेले तर साहेब म्हणाले तुम्ही जामीन आहात म्हणजे तुमचा पण बघू शकतो आम्ही. आपल्या कोल्हापुरात पतसंस्थेपासून बँकेपर्यंत जामीन राहणं म्हणजे हळदीकुंकवाला जाण्यासारखं झालंय, कुणी नाही म्हणत नाही. पोरीच्या एज्युकेशन लोनला माझा रिपोर्ट लागला तेव्हा कळलं मला.

दादा, पतसंस्थेचं कुणाचं असेल तर त्यांचं वेगळं असतं का हो?

वकील_कसबाबावडा

ताई, पतसंस्था महाराष्ट्र सहकार कायद्याखाली येतात. तिथं कलम १०१ चा वसुली दाखला काढतात आणि वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्ती करतो. त्या रस्त्याला सिबिलची गरजच पडत नाही, दाखला कर्जदार आणि जामीनदार दोघांवर निघतो. म्हणून जामिनाची सही करताना माझ्यासारख्या वकिलाला नको, निदान घरात तरी विचारा.

आता मूळ प्रश्नाचं. २००५ च्या कायद्याचं कलम २२ लक्षात ठेवा. ज्याला अधिकार नाही त्यानं कुणाची क्रेडिट माहिती मिळवली तर प्रत्येक गुन्ह्याला १ लाखापर्यंत दंड, आणि चालूच ठेवलं तर दिवसाला १० हजारांपर्यंत वर. तिकटीवरच्या दादांनी सांगितलेला व्हॉट्सॲपचा प्रकार इथं लावून बघण्यासारखा आहे, पुरावा ठेवला पाहिजे मात्र, स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, तारीख.

बऱ्याच जणांना वाटतं नवीन डेटा संरक्षण कायद्यानं हे सगळं बंद होईल. २०२३ च्या त्या कायद्यात कलम १७ मध्ये थकबाकीदारासाठी मुद्दाम सूट ठेवलीय, वित्तीय संस्थेचं कर्ज थकवलेल्या माणसाची आर्थिक माहिती, मालमत्ता आणि देणी शोधायची असतील तर संमतीची बरीचशी बंधनं लागू होत नाहीत. म्हणजे संसदेनं विचार करूनच हे दार उघडं ठेवलंय. मला व्यक्तिशः ती सूट फार सैल वाटते, कुणी किती खोल शोधायचं याला मर्यादा घालायला हवी होती.

दारात येण्याबद्दल: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ ला स्पष्ट केलंय, नातेवाईक, मित्र यांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. एजंटकडं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र पाहिजे. त्याच्या वागण्याची जबाबदारी ज्यांनी पाठवलं त्यांची, एजन्सीवर ढकलून सुटता येत नाही. आई एकटी असताना आला तर तिनं दार उघडायची सुद्धा गरज नाही.

आणि एक फार महत्त्वाचं, सही करायच्या आधी थांबा. कर्जाच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. तुमचा शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२० चा, पण सुप्रीम कोर्टानं कोविडमुळं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतनं वगळलाय, त्यामुळं बोटावर मोजून मुदत संपली म्हणू नका, कागद कुणाला तरी दाखवा. मुदतीच्या आत कर्ज मान्य असल्याचं लिहून दिलं की मुदत नव्यानं सुरू होते. मुदत संपल्यावर सुद्धा पैसे देतो असं सही करून लिहून दिलं तर ते वचन करार कायद्याच्या कलम २५ खाली चालतं. वसुलीवाला "नुसतं एक पत्र द्या साहेब" म्हणतो ते याच्यासाठी. मुदत संपली तरी रिपोर्टवरची नोंद लगेच जात नाही, ती वेगळी गोष्ट.

पेठेतला_न्यूजर्सीत

मी मंगळवार पेठेतला, चौदा वर्षं झाली इकडं अमेरिकेत. इथं पण अगदी हेच आहे म्हणून लिहितोय. इथला क्रेडिट रिपोर्टचा कायदा १९७० चा, त्याच्या कलम ६०४ मध्ये कोण कोण कशासाठी रिपोर्ट बघू शकतो ते दिलंय आणि त्यात कर्ज देणं, खात्याचा आढावा घेणं याच्या जोडीला खात्याची वसुली हे शब्द सरळ लिहिलेत. म्हणून इथं कलेक्शन एजन्सी स्वतः रिपोर्ट काढते, तिला बँकेच्या आडनं जायला लागत नाही. आपल्याकडं तेवढं तरी बरं आहे असं वरचं वाचून वाटलं.

पण इथं एक निकाल झाला तो सांगण्यासारखा आहे. एका बाईची गाडी पोलिसांनी टो करायला लावली, टोइंगवाल्याचे पैसे राहिले, ते कलेक्शन एजन्सीकडं गेले आणि एजन्सीनं तिचा रिपोर्ट काढला. नवव्या सर्किटच्या, म्हणजे इथल्या पश्चिमेकडच्या राज्यांच्या केंद्रीय अपील कोर्टानं २००७ ला म्हटलं की हे चालणार नाही, कारण त्या बाईनं कुणाकडं कर्ज मागितलेलंच नव्हतं. तुम्ही स्वतः होऊन कर्जाचा व्यवहार केला असेल तरच वसुलीसाठी रिपोर्ट. मला तरी इथंच सगळी गोम वाटते, देणं कशातनं आलं ते बघितलं पाहिजे, नुसतं देणं आहे म्हणून कुणालाही वही उघडून दाखवायची नाही.

इथं कलेक्टर रात्री ९ पर्यंत फोन करू शकतात बरं का, आपल्याकडं ७.

लेथवाला_उद्यमनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं वाचून दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून बसलो आणि रिपोर्ट काढला, पोरीनं मदत केली. चौकश्यांत त्या कंपनीचं नाव आहे, कारण नवीन कर्ज असं नाही, खात्याचा आढावा असंच आहे, तेवढं डोक्यावरचं उतरलं. पण काका, एकच लोन दोनदा दिसतंय. वर जुन्या फायनान्स कंपनीच्या नावानं १ लाख २६ हजार बाकी, आणि खाली या नव्या कंपनीच्या नावानं १ लाख ९३ हजार. दोन्ही थकीत. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार मी दोघांना बुडवलंय.

निवृत्त_कर्जविभाग

हे फार ठिकाणी होतं आणि फार नुकसान करतं. लोन विकलं तेव्हाच जुन्या कंपनीनं आपल्याकडची बाकी शून्य करून खातं विकलं असं कळवायला पाहिजे होतं. ब्युरोच्या साईटवर डिस्प्यूट टाका, चारही रिपोर्ट बघून जिथं जिथं चुकलंय तिथं टाका. जुन्या कंपनीलाही लेखी द्या. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे, नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला पाहिजे, एप्रिल २०२४ पासून तसा नियम आहे. तरी ऐकलं नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, ब्युरोसुद्धा सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत, १४४४८ वर फोन केला तर मराठीत बोलतात.

आणि नव्या कंपनीकडनं दोन गोष्टी लेखी मागा, लोन त्यांच्याकडं आल्याचा कागद आणि १ लाख ९३ हजाराचा हिशेब, मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. हे हातात पडेपर्यंत गुगल पे वर एक रुपया पाठवू नका.

राजारामपुरी_ताई

आणि सेटलमेंट केलीत, म्हणजे कमी पैशात मिटवलंत, तर रिपोर्टवर सेटल्ड असं येतं, क्लोज्ड नाही, ते पण विचारून घ्या. पुढं घराचं लोन काढायचं असलं तर त्याचा फरक पडतो.

लेथवाला_उद्यमनगर

हो ताई, तेच विचारणार आहे. डिस्प्यूट काल टाकली, नंबर आला. जुन्या कंपनीला रजिस्टर पोस्टानं पत्र गेलं, पावती फाईलला लावली. त्या माणसाचा आज परत फोन आला तर मी शांतपणे म्हटलं, घरी यायचं नाही, शनिवारी ४ वाजता दुकानावर या, ओळखपत्र, अधिकारपत्र आणि हिशेब घेऊन या, मग बोलू. जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला ऑफिसला विचारून सांगतो. वकील साहेब, शनिवारी तुम्ही मोकळे असाल तर कागद घेऊन सकाळी बावड्याला येऊ का?

वकील_कसबाबावडा

या, ११ च्या आत या. २०१८ चं मूळ ॲग्रीमेंट सापडलं तर तेवढं घेऊन या, भिजलेलं असलं तरी चालेल.